पुण्याचं हेड

फोन वाजला तेव्हा माझ्या उजव्या हाताचं बोट एका सिलिंडर हेडच्या आत होतं. शनिवारची सकाळ, बेंगळुरूबाहेर आनेकलमधली अण्णांची शेड, आणि मी एकटीच. घरचा नंबर पाहून वाटलं, अण्णाच असणार. दुसरी कॉफी झाली की ते फोन करत आणि कसली विचारपूस न करता थेट म्हणत, "किती काढलंस?" म्हणून फोन उचलल्या उचलल्या मी सांगून टाकलं की आज अजून काहीही घासलेलं नाही, नुसतं बोट फिरवून बघतेय. पलीकडे माझा नवरा मंजुनाथ होता. तो म्हणाला, "अण्णा गेले गं... खुर्चीतच. कॉफी पिऊन झाली होती."

मी बोट बाहेर काढलं, फडक्याला पुसलं. हेडवर धुतलेलं कापड टाकलं, कारण धातू उघडा टाकून जायचं नाही ही अण्णांची शिस्त. शेडला कुलूप लावलं आणि सर्जापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटकडे निघाले. खरं सांगते, त्या वाटेत मला रडू आलं नाही, राग आला. चौथ्या पोर्टच्या आतल्या वळणावर अजून थोडं काढायचं की आहे तसंच ठेवायचं, हे मला त्यांना विचारायचं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. आणि हे गृहस्थ कॉफी संपवून निघून गेले.

याला आता दीड महिना झाला.

अण्णा म्हणजे माझे सासरे, कृष्णोजीराव. त्यांचं घराणं बेंगळुरूत येऊन किती पिढ्या झाल्या हे कुणालाच नक्की सांगता येत नाही. विचारलं की प्रत्येक जण मागच्यापेक्षा एक पिढी वाढवून सांगतो. घरात बोलतात मराठीच, पण पुण्याहून नुकत्याच आलेल्या मला पहिल्या वर्षी ती निम्मीशिम्मीच कळायची. थोडं म्हणायचं तिथे स्वल्प, पुरे म्हणायचं तिथे साकु. शाळा सगळ्यांच्या कन्नड, त्यामुळे अण्णा मराठी लिहायचे तेही कन्नड लिपीत. वाणसामानाची यादी वाचायला मला नवऱ्याला बोलवावं लागे. माझ्या मराठीच्या अभिमानाला यापेक्षा मोठा धक्का कुणी दिलेला नाही.

त्यांचा धंदा हेडचा. इंजिनाच्या डोक्यावर जो अॅल्युमिनियमचा जड ठोकळा बसतो, ते सिलिंडर हेड. त्यात वाकड्या वाटा असतात. काहींतून हवा आणि पेट्रोल आत येतं, काहींतून जळलेला धूर बाहेर जातो. या वाटा म्हणजे पोर्ट. कारखान्यातून त्या ओबडधोबड ओतून येतात. अण्णा त्या आतून कोरत, घासत, वळणं नीट करत, म्हणजे इंजिनाला मोकळा श्वास घेता येई आणि त्याची ताकद वाढे. शर्यतीत गाड्या आणि मोटारसायकली पळवणारी मंडळी चेन्नई, कोइमतूरहून हेड गोणपाटात गुंडाळून त्यांच्याकडे घेऊन येत. पाटी नव्हती, जाहिरात नव्हती. शेड शोधत येणाऱ्याला रस्त्यावरचा चहावाला विचारायचा, "हेडच्या अण्णांकडे?"

मंजुनाथशी लग्न ठरवून मी आईबाबांना घेऊन पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तेव्हाचा प्रसंग आमच्याकडे अजून सांगितला जातो. तेव्हा ही मंडळी विल्सन गार्डनमध्ये राहायची आणि शेड घराच्या मागेच होती. ग्राइंडरच्या आवाजाला शेजारी कंटाळले तेव्हा ती आनेकलला गेली. अण्णांनी मला विचारलं, काय काम करतेस. मी जरा ऐटीतच सांगितलं, की मोठमोठ्या इमारतींच्या एसीच्या डक्टमधून हवा कशी वाहते ते मी कॉम्प्युटरवर काढते. अण्णा उठले. मला वाटलं, आवडलं नाही. ते म्हणाले, "हवेचं काम? मग इथं कशाला बसलीस?" आणि मला थेट मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. हॉलमध्ये माझे आईबाबा, मंजुनाथ आणि उपम्याच्या बशा घेऊन उभ्या असलेल्या सासूबाई, म्हणजे अक्का, एकमेकांकडे बघत राहिले. आम्ही परत आलो तेव्हा उपमा गार झाला होता आणि माझ्या त्या दिवशी नेसलेल्या चांगल्या साडीला काळं तेल लागलं होतं. बाबा परतीच्या गाडीत एवढंच म्हणाले, की घर चांगलं वाटतंय, सासरे जरा वेगळे आहेत.

त्या दिवशी मी त्यांचं हवा मोजायचं यंत्र पाहिलं. एक लाकडी खोकं, त्यात जुन्या व्हॅक्यूम क्लीनरच्या चार मोटारी, आणि बाजूला काचेची उभी नळी. खोक्यावर हेड ठेवायचं, मोटारी चालू करायच्या, की पोर्टमधून हवा ओढली जाते आणि जितकी जास्त हवा तितकं नळीतलं पाणी वर चढतं. पाणी दिसावं म्हणून त्यात कुंकू कालवलेलं. अक्काच्या देवघरातलं. मी माझ्या शिक्षणाला जागून विचारलं, यात चूक कितपत येते? अण्णा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "घरचं कुंकू आहे. खोटं नाही सांगायचं."

आणि तिथेच त्या दोन फळ्या होत्या. अण्णा प्रत्येक पोर्ट पुरा झाला की त्यात रबराचा लगदा ओतून, दातांचा घेतात तसा, साचा काढून ठेवत. वाकडे, फुगीर, निळसर साचे. कुणी नवखा पाहील तर त्याला ते कसल्या तरी प्राण्याचे अवयव वाटावेत. वरच्या फळीवर जमलेले, खालच्या फळीवर चुकलेले. नवीन गिऱ्हाईक आलं की अण्णा त्याला आधी खालची फळी दाखवायचे. हे मी फोडलं, हे मी जास्त काढलं, हे कुणाचं तरी ऐकून केलं... गिऱ्हाईक घाबरून निघून गेलं नाही तरच त्याचं हेड घ्यायचे. आणि एक नियम पक्का होता. यंत्रावर पाणी कितीही चढो, इंजिन गाडीवर बसून रस्त्यावर चालल्याशिवाय साचा कुठल्याच फळीवर जायचा नाही. तोवर तो टेबलावर, पालथ्या घातलेल्या पातेल्याखाली. पातेलंही अर्थातच अक्काचं.

लग्नानंतरच्या वर्षी मी ठरवलं, की या माणसाला आपण जरा आधुनिक करायचं. घरची जुनी पेट्रोल गाडी, चार सिलिंडरची. तिचं हेड उतरवलंच होतं. मी पोर्टचं माप घेतलं, आठवडाभर कॉम्प्युटरवर बसले आणि असा मोठा, सरळ, ऐसपैस पोर्ट काढून आणला की माझं मलाच कौतुक वाटलं. आतून आरशासारखा चकचकीत करायचा, हेही सांगितलं. अण्णांनी कागद बघितला. मला वाटलं, वाद घालतील. ते म्हणाले, "सरी." म्हणजे बरं. आणि हवा आत घेणारे चारही पोर्ट अगदी मी सांगितले तसे कापून दिले, कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही. यंत्रावर ठेवले तर कुंकवाचं पाणी कधी नव्हे ते इतकं वर गेलं. मी मंजुनाथला शेडमध्ये बोलावून दाखवलं. दोन दिवस घरात माझं बोलणं ऐकण्यासारखं होतं.

मग हेड गाडीवर बसलं आणि आम्ही सगळे अक्काच्या बहिणीकडे निघालो, हेब्बाळच्या पलीकडे. फ्लायओव्हरच्या चढावर नेहमीसारखी गर्दी. गाडी हळू, मागे-पुढे वाहनं, इंजिनाला वेग घ्यायला जागा नाही. आणि चढाच्या मध्यावर गाडी रडायला लागली. तिसऱ्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून पहिला... मागून हॉर्न. पुढे बसलेल्या अण्णांनी खिडकीबाहेर बघत शांतपणे सांगितलं, "पुण्याचं हेड आहे हे. स्वल्प दम खाऊ दे."

त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. पोर्ट जरुरीपेक्षा रुंद केला की इंजिन हळू चालत असताना त्यातली हवा सुस्तावते, पेट्रोल तिच्याबरोबर नीट येत नाही, आणि चकचकीत भिंतीवर ते थेंबाथेंबाने चिकटून बसतं. शर्यतीत सुसाट पळणाऱ्या इंजिनाला ते चालतं. भाजी आणायला जाणाऱ्या गाडीला नाही. "तुझ्या एसीची हवा दिवसभर वाहत असते, हिला क्षणात यायचं आणि थांबायचं असतं," असं त्यांनी मला नंतर समजावलं. मग आधी का नाही सांगितलं, असं मी तणतणत विचारलं. ते म्हणाले, सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का? मी ऐकलं नसतं. हे मी त्यांना कधी कबूल केलं नाही, इथे करते.

सगळ्यात वाईट म्हणजे, त्यांनी ते हेड बदललं नाही. इतकी वर्षं. दुनियेच्या गाड्यांची हेडं सुधारणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी हेब्बाळचा चढ पहिल्या गिअरमध्ये चढायची, आणि दर लग्नाला, दर बारशाला, अक्काच्या बहिणीकडे जाताना दर वेळी, त्या एकाच ठिकाणी ते वाक्य यायचं. पुण्याहून माझी आई आली होती, तिलाही ऐकवलं. तिने अभिमानाने विचारलं, पुण्याला चांगली मिळतात का? मी कन्नड लिपी शिकले तेव्हा शेडमध्ये आधाराशिवाय वाचलेला पहिला शब्द खालच्या फळीवरच्या एका ऐसपैस, गुळगुळीत साच्याच्या चिठ्ठीवर होता. पुणे.

साखर अण्णांना होतीच. पण तिने बोटांची जाणीव गेली हे आम्हाला फार उशिरा कळलं. अण्णांचं सगळं काम बोटावर. कोरताना आत दिसत नाही, वळणामागे तर नाहीच. बोट घालायचं आणि त्याला काय सांगायचंय ते ऐकायचं. मोजमापाची हत्यारं ते क्वचितच हातात घेत. एकदा मी पाहिलं, की ते पोर्ट पुन्हा पुन्हा मोजतायत, आणि माझी नजर गेल्यावर त्यांनी कॅलिपर खणात टाकलं. मग एके सकाळी अक्काने ओतलेली वाफाळती कॉफी त्यांनी डवऱ्यात, म्हणजे खालच्या पसरट वाटीत, न ओतता तसाच लोटा मुठीत धरला आणि पेपर वाचत राहिले. मी त्यांच्या हाताकडे बघतेय हे त्यांना कळलं. त्यांनी लोटा खाली ठेवला आणि पेपरचं पान उलटलं.

तेव्हा ते घरच्या गाडीसाठी दुसरं हेड करत होते. अखेर. भंगारातून चांगलं हेड मिळालं होतं आणि त्यांनी जाहीर केलं होतं, की आता मरायच्या आधी हेब्बाळ तिसऱ्या गिअरमध्ये चढायचं. दोन सिलिंडर झाले होते. तिसऱ्याला वळणाची भिंत त्यांनी फोडली. पोर्ट आणि इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेमधली भिंत तिथे पातळ असते. बोटाला ते कळतं, कळायचं. ग्राइंडर थांबवून ते स्टुलावर बसले. हेडमध्ये मसुराएवढं भोक होतं. मी म्हटलं, वेल्डिंग करून येईल. ते म्हणाले, येईल. पण ते उठेनात. इतक्या वर्षांत त्या माणसाला मी असं हातावर हात ठेवून बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि मला भीती वाटली. हात धुऊन त्यांनी दहाही बोटं माझ्यासमोर धरली. म्हणाले, "ही आता नुसती दाखवायला आहेत. तुझं बोट दे."

मी त्यांना सांगितलं की मला येणार नाही, माझं काम कॉम्प्युटरचं. त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. हेड तू पुरं करायचंस, मी सांगेन, आणि गाडी चढली तर चढली, नाही तर खालच्या फळीवर तुझ्या शेजारी मी.

भोक वेल्डिंगने बुजवून आणलं आणि दर शनिवार-रविवार आम्ही दोघं. ते स्टुलावर, माझं बोट आत. ते विचारायचे, काय वाटतं? मी सांगायचे, डावीकडे बारीकशी कड आहे. "मग काढ. स्वल्प." स्वल्प म्हणजे किती, असं मी विचारायचे. मिलिमीटरमध्ये सांगा. "स्वल्प म्हणजे स्वल्प." आमची खरी भांडणं यावरच व्हायची. मी चिडून जास्त काढलं, की ते ग्राइंडरच्या आवाजावरूनच ओळखायचे आणि खोक्यावर थाप मारायचे. साकु. बाहेर जाणाऱ्या धुराचा पोर्ट मला लवकर जमला. धूर स्वतःच घाईत असतो, त्याला फक्त अडवायचं नाही. आत येणाऱ्या हवेचा जमायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत मी नोकरीत जेवढी शिकले नव्हते तेवढी हवा शिकले, आणि खरं तर सासरेही तेव्हाच कळले. ते हसत फार. तिसरा सिलिंडर पुरा झाला तेव्हा त्यांनी पाण्याच्या नळीकडे पाहिलं, साचा ओतला आणि तो पहिल्या दोघांशेजारी पातेल्याखाली ठेवला.

चौथा राहिला. तो मी सुरू केला तेव्हा त्यांचा पाय सुजायला लागला होता, आणि सुजला की ते घरी थांबून फोनवर विचारायचे. त्या शनिवारीही तसंच. पुढचं वर आलंच आहे.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले आणि मी शेडमध्ये गेले ती तिसऱ्या आठवड्यात. कापड काढलं. बोट घातलं. आतल्या वळणावर ती जागा तशीच होती, जरा उंच वाटणारी. काढू की नको? मी मोबाइल हातात घेतला होता, हे सांगायला मला लाज वाटत नाही. नंबर लावायचा बाकी होता. मग मला आठवलं, की फोनवर त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं किती काढायचं. किती काढलंस, एवढंच विचारायचे. मी ग्राइंडर चालू केला, दोनदा टेकवला, थांबले. पुन्हा बोट घातलं. ते वळण आता कुठे न अडता बोटाखालून निघून जात होतं. साकु, असं मी मोठ्याने म्हटलं. रिकाम्या शेडमध्ये.

यंत्रावर ठेवलं तर कुंकवाचं पाणी तिसऱ्यापेक्षा एक रेघभर खाली राहिलं. एक रेघ. अजून जरासं कोरलं असतं तर ती भरून निघाली असती, आणि पूर्वीची मी ती भरून काढलीच असती. मी हात पुसले, साचा ओतला, पातेल्याखाली चौथा ठेवला. बोट बरोबर सांगत होतं की पाणी, हे ठरवायला रस्ताच हवा होता. अण्णांचे जुने दोस्त फ्रान्सिस मेस्त्री हेड गाडीवर बसवायला आले. बसवण्याआधी त्यांनी चारही पोर्टमध्ये बोट घातलं. चौथ्यात जरा जास्त वेळ. नंतर मला विचारलं, चारही अण्णांचेच ना? मी म्हटलं, नाही. ते बोल्ट आवळायला लागले.

गेल्या रविवारी अक्काच्या बहिणीकडे निघालो. गाडी मंजुनाथ चालवत होता, मी शेजारी, म्हणजे अण्णांच्या जागेवर, अक्का मागे. हेब्बाळला तशीच गर्दी. चढ सुरू झाला. मंजुनाथने सवयीने गिअरवर हात ठेवला, मी तो तिथेच दाबून धरला. तिसरा. गाडी हळू होती, अगदी पुढच्या बसच्या मागे मागे, आणि चढाचा मध्य आला, आणि ती रडली नाही. नुसती खालच्या आवाजात ओढत राहिली, आपल्याला काही झालंच नाही असं. इतकी वर्षं त्या ठिकाणी जे वाक्य यायचं त्याची जागा तशीच रिकामी राहिली होती, आणि आम्ही तिघंही त्याची वाट बघत होतो. मला तेव्हा रडू आलं. दीड महिन्याने.

मग मागून अक्काचा आवाज आला, त्यांच्याच चालीत. "पुण्याचं हेड आहे हे."

पुढचं वाक्य तिने म्हटलं नाही. गाडी चढून वर आली होती.

काल शनिवार. शेडमध्ये गेले, पातेलं उचललं, ते अक्काला परत द्यायचंय. चौघांच्या चिठ्ठ्या मी कन्नड लिपीत लिहिल्या, मराठीत. अक्षर वाईट आलं. मग चारही साचे वरच्या फळीवर ठेवले. जागा नव्हती, अण्णांचे दोन जुने साचे स्वल्प सरकवावे लागले.